सागवानी चौकटीचा निकाल

विदर्भात खिडकी बदलण्याविषयीची विचारणा सुताराकडे बहुधा दोन वेळा येते: एकदा मे महिन्यात, जेव्हा झडप आणि चौकट यांच्यात पेन्सिल शिरेल एवढी फट पडून उन्हाच्या झळा घरात येतात, आणि पुन्हा श्रावणात, जेव्हा तीच झडप फुगून चौकटीत अशी अडकते की ती उघडण्यासाठी खांदा लावावा लागतो. या दोन्ही तक्रारी खऱ्या असल्या, तरी त्यांवरून खिडकीचे आयुष्य संपले असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण दोन्हींचे मूळ लाकडाच्या नासण्यात नसून त्याच्या नैसर्गिक हालचालीत असते. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सागवानातील ओलावा त्याच्या वजनाच्या 5-6 टक्क्यांपर्यंत उतरतो आणि भर पावसाळ्यात 15 टक्क्यांच्या आसपास चढतो. एवढ्या फरकाने झडपेची 90 मिलिमीटर रुंदीची उभी पट्टी सुमारे दीड मिलिमीटर कमी-जास्त होते, आणि दोन झडपांच्या चार पट्ट्या धरल्या तर हा फरक 5-6 मिलिमीटरपर्यंत जातो. वाढवलयांना स्पर्शून कापलेली फळी गाभ्यापासून सालीच्या दिशेने कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून एकाच खिडकीची एक झडप अडकते आणि दुसरी मोकळी राहते. श्रावणात घाईने रंधा मारणारा सुतार पुढच्या मे महिन्यातील फट स्वतःच वाढवून ठेवतो, आणि अशा चार-पाच पावसाळ्यांनंतर निरोगी झडप निव्वळ रंध्याने संपते. झडपेची जाडी-रुंदी ठरवण्याचे काम कार्तिक-मार्गशीर्षात करावे, कारण त्या वेळी लाकूड आपल्या दोन टोकांच्या मधोमध असते.

घर तापते म्हणून खिडकी बदलावी, हे कारण सर्वांत अधिक सांगितले जाते आणि सर्वांत कमी तपासले जाते. साध्या एकेरी काचेतून तिच्यावर पडणाऱ्या सौर उष्णतेचा 80 टक्क्यांहून अधिक भाग आत येतो, मग ती काच शिसवीत बसवलेली असो वा प्लॅस्टिकात. नागपूरला 26 मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर असतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेच्या खिडकीवर मात्र दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते, आणि तेथे काचेच्या बाहेर जाफरी, चटई किंवा वाळ्याचा पडदा लावण्याशिवाय दुसरा खरा उपाय नाही. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो, परंतु तोवर उष्णता घरात आलेली असते.

सरकत्या झडपांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी या प्रदेशाचे जे नुकसान केले आहे, ते स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियम सागवानाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, हा दोष एक वेळ सोडून देता येईल. अधिक गंभीर गोष्ट ही की दोन झडपांची सरकती खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही, आणि विदर्भातील पुष्कळ घरे कूलरवर थंड होतात. कूलर म्हणजे ओल्या गवतातून किंवा जाळीतून बाहेरची हवा ओढून घरात ढकलणारे यंत्र. त्या हवेला समोरच्या बाजूने बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर घर थंड न होता दमट होते. वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीला याच्या नेमके उलट, म्हणजे घट्ट बंद होणारी आणि शक्य तर दुहेरी काचेची खिडकी लागते, आणि तेथे बिजागरीवर उघडणारी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, चांगली खिडकी योग्य ठरते, हे सुतारानेही मान्य केले पाहिजे. मात्र तापमान 30 अंशांनी बदलले की हे प्लॅस्टिक दोन मीटर लांबीत सुमारे 4 मिलिमीटर वाढते, तर काच अर्धा मिलिमीटरच वाढते, आणि हा फरक सामावण्याची जागा न सोडणारे लोक आज मोठ्या संख्येने ही कामे घेत आहेत. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्यानंतर बाजारात वाढलेले परदेशी लागवडीचे कोवळे सागवानही तेवढ्याच सावधपणे पाहावे लागते, कारण त्यात गाभ्याभोवतीचा फिकट, वाळवीला आवडणारा भाग बराच असतो.

खिडकी खऱ्या अर्थाने मरते ती कूलरमुळे. लाकूड नासवणारी बुरशी साधारणपणे 20 टक्क्यांहून कमी ओलाव्यात वाढत नाही, म्हणून विदर्भातील मे महिना लाकडाला सुरक्षित असायला हवा. परंतु ज्या खिडकीला कूलर लावलेला असतो, तिची खालची आडवी पट्टी सलग तीन महिने ठिबकणाऱ्या पाण्याने भिजत राहते, आणि नंतर तिला वाळण्याची संधी न मिळता पावसाळा सुरू होतो. नासण्याची सुरुवात नेहमी खालच्या दोन कोपऱ्यांत होते, जेथे उभ्या पट्टीचे टोक आडव्या पट्टीत बसवलेले असते आणि लाकडाचे उघडे तंतू पाणी वर ओढून घेतात. बाहेरून ऑइल पेंट चकचकीत असतो, पाण्यातील क्षारांची पांढरी रेषा तेवढी दिसते.

या कोपऱ्याची परीक्षा कारागीर टोच्याने, म्हणजे मुठीत बसणाऱ्या अणकुचीदार लोखंडी हत्याराने, करतो, आणि सगळी अडचण तेथेच आहे. टोच्या किती आत गेला यावरून निर्णय द्यायचा, तर किती जोर लावला हे ठाऊक असले पाहिजे, आणि हा जोर मोजणारे साधन म्हणजे कारागिराचे मनगटच असते. साठी उलटलेल्या मनगटाचा जोर कमी होतो, परंतु तो कमी झाल्याची जाणीव मनगटाला होत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या सुताराला प्रत्येक चौकट आहे त्याहून अधिक मजबूत वाटते. त्यातच ओले निरोगी लाकूड सुक्या लाकडापेक्षा मऊ असल्याने श्रावणातील आणि मे महिन्यातील टोच्याची तुलना करता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत यात अहंकाराचाही मोठा वाटा आहे: स्वतः बसवलेल्या, आलापल्लीच्या जुन्या सागवानाच्या चौकटीला टोच्या लावताना मनगट हलके पडते आणि प्रतिस्पर्ध्याच्या कामाला लावताना ते जड पडते, हे त्याला पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे आणि तरीही त्याला तसे न करणे जमलेले नाही. चाळीस वर्षे टिकलेली चौकट हा त्या कारागिराच्या नावाचा पुरावा असतो, आणि तो पुरावा स्वतःच्या हाताने भिंतीतून उपटून काढणे त्याला नकोसे वाटते.

म्हणून आता टोच्या शिकाऊ मुलगा लावतो, आणि तोही टोचण्यासाठी नव्हे तर उचकटण्यासाठी: टोक तिरपे खुपसून लाकडाची ढलपी वर उचलली की निरोगी सागवान लांब, तंतुमय काडीसारखे सुटते, आणि नासलेले सागवान आखूड, आडवे, कटकन तुटते. या परीक्षेत मनगटाच्या बळाला फारसे महत्त्व उरत नाही, फक्त तुटलेल्या टोकाकडे नीट पाहावे लागते. ढलपी आखूड तुटली आणि नासलेला भाग भिंतीत गाडलेल्या टोकापर्यंत पोचला असेल, तर चौकट काढलीच पाहिजे; तो कोपऱ्यापुरता असेल, तर खालचा वीतभर भाग तिरपा कापून नवे लाकूड जोडता येते. ढलपी अर्धी लांब सुटून मध्येच आखूड तुटली, तर मात्र एकमत होत नाही. अशा चौकटीवरून कूलर हलवून ती एक हिवाळा वाळू द्यावी आणि पुन्हा उचकटून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; शिकाऊच्या मते बुरशी एकदा तंतूंत शिरली की वाट पाहण्यात फक्त शेजारची उभी पट्टी गमावली जाते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण वाळलेल्या लाकडात बुरशी मरतेच असे नाही, ती पुढच्या ओलीची वाट पाहत पडून राहू शकते. आणि तरीही जोवर कोपऱ्यातील तंतू अर्धे तरी लांब सुटतात, तोवर त्या चौकटीवर पहार घालण्यास प्रस्तुत लेखक तयार होत नाही.