पिसांची माशी

अमेरिकेत ब्रुक ट्राउट धरायला गळावर पिसं नि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात, हे वाचून हसू आलं होतं. मग कॅरी स्टीव्हन्सविषयी वाचलं. मेन राज्यातली ही बाई बायकांच्या टोप्या बनवायची. ओढ्यातला ट्राउट बहुधा किड्यांवर जगतो; तळ्यात वाढलेला मोठा ट्राउट लहान मासेही खातो. अप्पर डॅमच्या पाण्यात त्याचं खाणं म्हणजे स्मेल्ट नावाचे चंदेरी मासे. तिने करडी पिसं लावून गळाला तसंच लांबट रूप दिलं, तेही चिमट्यात न धरता, नुसत्या हाताने. १ जुलै १९२४ रोजी त्याच गळाला सुमारे तीन किलोचा ब्रुक ट्राउट लागला!

दुकानातली देखणी माशी माणसाला भुलवते. कॅरीने पाण्यात पाहिलं.

बी.एड.ला शिकलो, शैक्षणिक साधन आकर्षक हवं. पण कुणाला? तपासायला येणाऱ्या साहेबांना? माझ्या उर्दू वर्गातल्या मुलींना मराठी शिकवताना मी त्यांच्या घरातलेच शब्द आधी घेतो : कागद, शाई, दुकान, बाजार, जमीन. दोन्ही भाषांचे. मुली म्हणजे मासे नव्हेत, ठाऊक आहे. पण यातल्या काहींची शाळा सातवीनंतर सुटेल. निदान रेशनचा अर्ज तरी त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये.