मालवणचा समुद्रतळ आणि स्वस्ताईचा हिशेब

बीड जिल्ह्यांतील माणसाचें पाण्याशीं नातें विहिरीचें. बालाघाटाच्या पठारावर पाऊस बेताचा, ओढ्यांना पाणी चार महिने. म्हणून पोहावयास शिकावयाचें तें मळ्यांतील विहिरींत, पाठीस वाळका भोपळा बांधून आणि कांठावर दोराचें टोक धरून बसलेल्या काकांच्या भरंवशावर. समुद्राची गोष्ट आमच्या घरीं येई ती पाहुण्यांकडून. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणांतील अनेक कुटुंबांची कुलस्वामिनी. तीं मंडळी घाट चढून दर्शनास येतात आणि माजघरांत बसून माड, होड्या व भरती-ओहोटी यांचें वर्णन करतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हींच घाट उतरावयाचें ठरविलें. पंढरपूर व कोल्हापूर करून फोंडाघाटानें आम्ही मालवणास पोंचलों. बरोबर सौभाग्यवती, वडील कन्या, बारा वर्षांचे चिरंजीव आणि आमच्या वहिनी.

मालवणचा धक्का सोडला कीं समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा. 1664 सालीं शिवछत्रपतींनीं त्याचें काम आरंभिलें. या किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे. 1987 सालीं येथील समुद्राचा कांहीं भाग सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. हा तळ पाहण्याचें साधन म्हणजे स्कूबा. झाक कूस्तो हे फ्रेंच नौदलांतील अधिकारी आणि एमिल गान्याँ हे इंजिनियर यांनीं 1943 सालीं, पाणबुड्यास लागेल तेव्हां लागेल तितकीच हवा देणारें यंत्र सिद्ध केलें. त्याच्याच वंशांतील यंत्र आज येथील प्रत्येक होडींत दिसतें. जवळच तारकर्लीस राज्याच्या पर्यटन महामंडळाची पाणबुडीचें शिक्षण देणारी संस्था आहे. शिवाय खासगी दुकानें पुष्कळ. एस. टी. स्थानकापासून किनाऱ्यापर्यंत दलाल दर पुकारीत असतात आणि प्रत्येक दर मागच्या दराहून थोडा कमी असतो.

मध्यम स्थितींतील कुटुंबानें स्वस्त पाहावें यांत लाज कसली? कॅरिबियन समुद्रांत होंडुरास देशाचें उतिला नांवाचें चिमुकलें बेट आहे. अल्प खर्चांत पाणबुडी शिकतां येते म्हणून जगांतील तरुण मंडळी तेथें लोटतात. परंतु तेथें शिष्य कांहीं दिवस अभ्यास करून प्रमाणपत्र घेतो. मालवणास आपण बहुधा पाव-अर्ध्या तासाचे पाहुणे असतों. कोणी तरी आपला हात धरून खालीं नेतो. अर्थात् येथें विकत घ्यावयाची वस्तु म्हणजे तो हात. दर उतरतो तेव्हां समुद्र कांहीं लहान होत नाहीं. कमी होतात तीं सोबतचीं माणसें, समजावून सांगण्याचा वेळ आणि यंत्रांची निगा.

पहिल्या दुकानीं दर सर्वांत कमी होता. प्रकृतिविषयक प्रश्नांचा छापील कागद पुढें आला; पण दमा, कानाचे विकार, हृदयविकार, सर्वांपुढें "नाहीं" असें आधींच लिहून ठेवलेलें होतें. "दादा, तुम्ही फक्त सही करा." चिरंजीवांस त्या वेळीं चांगलेंच पडसें झालें होतें व तें त्यांच्या आवाजावरूनच कळत होतें, त्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलों.

दुसऱ्या ठिकाणीं दर कांहींसा अधिक होता. तेथील तरुण मालवणी गुरूनें मुलाकडे पाहून प्रथमच सांगितलें, "काका, याला आज नेणार नाहीं. नाक चोंदलेलं असलं तर कान फुटेल." त्यानें एका माणसाचे पैसे आपण होऊन सोडले. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हीं मात्र तेथेंच निर्णय केला.

त्यानें वाळूंत बसवून जें समजाविलें तें प्रत्येक वाचकानें ध्यानीं ठेवावें. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यावर तो आंत-बाहेर सारखा राहावा म्हणून खालीं जातांना नाक चिमटींत धरून हलकेच फुंकर मारावी लागते. पडशांत ही वाट बंद असते. दुसरें म्हणजे श्वास कधींही रोखूं नये. विहिरींत दम धरणारा तो शूर. येथें दम धरून वर येणाऱ्याच्या छातींतील हवा फुगून फुप्फुसास इजा होते. विहिरीवर वाढलेल्या आमच्यासारख्यांनीं ही जुनी संवय मुद्दाम मोडली पाहिजे.

मग आम्हीं आमचे प्रश्न विचारले. पाण्याखालीं एका नवख्यामागें किती माणसें? एकास एक. टाकीची दाबचाचणी केव्हां झाली? तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली दाखविली. टाकींत प्राणवायु नव्हे, साधी दाबलेली हवाच असते. म्हणून ती भरणारें यंत्र इंजिनाच्या धुरापासून दूर आहे कीं नाहीं तेंही पाहिलें, कारण धुरांतील विषारी वायूस स्वतःचा वास नसतो. होडींत प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे काय? हा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. 24 मे 2022 रोजीं तारकर्लीजवळ पाणबुडी करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले.

आम्ही तिघें उतरलों. वीसेक फुटांवर कन्येनें कानाकडे बोट केलें. गुरूनें तिला हातभर वर घेतलें, थांबविलें, कान मोकळा झाल्यावरच पुन्हा खालीं नेलें. खडकांवर प्रवाळाचे गड्डे, त्यांतून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे, आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज. सौभाग्यवती वर आल्यावर बराच वेळ बोलल्या नाहींत. चिरंजीव तोंवर वहिनींबरोबर सिंधुदुर्गाचा तट फिरून आले. रुसवा जेवणापर्यंत टिकला.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन-चार गोष्टी. पावसाळ्यांत हे व्यवहार बंद असतात. पावसाचा गाळ बसल्यानंतर हिंवाळ्यांत पाणी अधिक निवळ. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे. छायाचित्रासाठीं त्यावर उभें राहूं नये, आणि माशांपुढें पाव धरणाऱ्यास नको म्हणावें. एकदां बुडी घेतल्यावर विमानांत बसण्यापूर्वीं निदान 12 तास जाऊं द्यावे. दमा वा हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वींच आपल्या वैद्यांस विचारावें, म्हणजे किनाऱ्यावर मुलांचा हिरमोड होणार नाहीं. आमच्या चिरंजीवांस पुढील हिंवाळ्याचें वचन दिलें आहे, आणि त्यासाठीं त्याच गुरूचा पत्ता कन्येनें वहींत लिहून घेतला आहे.