मागून घेतलेलं बी

माझ्या परसात आज जी गावठी वाली, जी शिराळी (म्हणजे दोडकी), जी तांबडी भाजी आणि जो भोपळा उगवतो, त्यातलं एकही बी मी दुकानातून आणलेलं नाही. सगळं काकीच्या घरचं. ती माझ्या नात्यातली नव्हती की जातगोतातली नव्हती. शाळेमागच्या वाडीत राहायची, सकाळी पाटीभर भाजी घेऊन आरोंद्याच्या बाजारात बसायची आणि दुपारी परत जाताना शाळेच्या पायरीवर टेकायची, एवढीच आमची ओळख. तिचं ऋण मात्र इतकं आहे की ते मी कागदावर मांडलं नाही तर मला स्वस्थ वाटणार नाही.

मी गडहिंग्लजकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली म्हणून आंबोली घाट उतरून इथे आले. सावंतवाडी तालुक्याच्या पार टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी आरोंदा हे गाव. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका आणि किरणपाणी. पूर्वी फेरीबोटीने जायचे, आता पूल आहे. सह्याद्रीत उगम पावून बांद्यावरून येणारी ही नदी इथे पोचेपर्यंत रुंद आणि संथ होते. समुद्र जवळच, त्यामुळे भरतीचं खारं पाणी नदीतून वर आत शिरतं. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून काठाने बांध, बांधाला खारफुटी, आणि बांधाच्या आत भात. उन्हाळ्यात काठाजवळच्या काही विहिरींचं पाणीही मचूळ होतं. अशा गावात भाजी ती काय पिकणार, असं मला वाटायचं. दुकानात मिळायची ती बेळगावची: कोबी, टोमॅटो, फरसबी. मी ज्या घाटाने उतरले त्याच घाटाने टेम्पोत बसून आलेली. ती मला सवयीची होती, म्हणून मी तीच घेत असे.

काकीने हे पाहिलं. एके दिवशी पायरीवर वालीची जुडी ठेवून म्हणाली, "बाई, गावची भाजी खावन बघा. घाटावरची तुमी जल्मभर खाल्लास." पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या परसात गेले.

ते परस मोठं नव्हतं. घराच्या मागे उतारावर, काट्याकुट्यांची वई घातलेलं. पण त्यात काय नव्हतं! न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी. वईच्या कडेने सुरण आणि कणगी. शेवग्याचं एक वाकलेलं झाड. मधे भेंडी, वांगी, मिरची. आणि माडाच्या झावळ्या, बांबू नि सुंभ वापरून उभारलेला मांडव, त्यावर दोडकी, पडवळ आणि कारली. मिरग लागायच्या आधी, म्हणजे 7-8 जूनच्या आत, तिची आळी तयार असत. पालापाचोळा जाळून केलेली राख आणि कुजलेलं शेण आळ्यात आधीच मिसळलेलं. इथली माती लाल, जांभ्याची, पावसात धुपून जाणारी. पहिल्या मोठ्या सरींत तिचं सत्त्व वाहून जातं, म्हणून आळं भोवतीच्या जमिनीपेक्षा थोडं उंच हवं, हे मी तिच्याकडून शिकले. पडवळाच्या टोकाला तिने दोऱ्याने छोटा दगड बांधलेला असायचा, पडवळ सरळ वाढावं म्हणून.

दोडक्याची गोष्ट सांगायलाच हवी. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. श्रावणात पावसाची झड लागली की किडेमाश्या फिरकत नाहीत आणि फुलं नुसतीच गळतात. काकी अशा संध्याकाळी डोक्यावर इरलं घेऊन मांडवाखाली जायची, नर फूल खुडायची, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायची आणि ज्या फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका दिसतो त्या मादी फुलाला ते हलकेच टेकवायची. एक एक फूल. परागीभवनाचा धडा मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. मुलांना तो खरा कळला काकीच्या मांडवाखाली. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. "फुलाक फूल लावचा लागता," एवढंच ती म्हणे.

आणि बी. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका ती कधीच काढत नसे. त्याच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकूनही तोडायचं नाही. तो वेलावरच सुकून हातात खुळखुळायला लागला की उतरवून चुलीवर धुरात टांगायचा. भोपळ्याचं आणि तवशाचं बी राखेत घोळवून, शेणाच्या गोळ्यात थापून भिंतीला लावायचं. तांबड्या भाजीचं बी मोहरीहून बारीक. ते पेरताना त्यात तांदळाच्या कण्या मिसळायच्या, मुंग्या कण्या नेतात आणि बी राहतं. प्रत्येक बियाणं राखेसकट करवंटीत किंवा जुन्या फडक्यात. कुठल्या पुरचुंडीत काय आहे हे लिहिलेलं नसे, पण तिचा हात चुकत नसे.

मी पहिल्यांदा बी मागितलं तेव्हा पर्स उघडली. ती म्हणाली, "बियां इकत घेवची नसतत, बाय. मागान घेवची असतत. आनी कोण मागूक इला तर नाय म्हणूचा नाय." त्या दिवसापासून मी तिची 'बाई' राहिले नाही, 'बाय' झाले.

कोकणातल्या सणांनी हे परस शतकानुशतकं सांभाळलं आहे, हे मला तिच्या घरच्या चतुर्थीत दिसलं. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. तिला नारळ, सुपारीची शिपटी, तवसं, दोडकी, चिबूड, रानातली कवंडळं आणि शेरवडं टांगतात. जे त्या आठवड्यात आपल्या मातीत पिकलं ते सगळं देवाच्या माथ्यावर. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगराखालच्या जमिनीतलं खायचं नाही. माणसाने हाताने लावलेलं, परसातलं तेवढंच. अळू, भोपळा, भेंडी, दोडकी, पडवळ, सुरण, माठ सगळं एका पातेल्यात, तेलाफोडणीशिवाय. त्या भाजीला जी चव काकीच्या हातची होती ती मला पुन्हा कुठे मिळाली नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ज्या घरात परस नसे त्या घराला ऋषिपंचमी साजरी करताच येत नसे. ज्याने कुणी ही रीत घातली त्याने प्रत्येक घरामागे एक वाफा जिवंत ठेवण्याची सोय करून ठेवली. आज ती भाजी बाजारात 'ऋषीची भाजी' म्हणून तयार वाट्यावर मिळते. तीही कुणाच्या तरी परसातलीच असावी, एवढी माझी इच्छा आहे.

मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदी लागली, गोव्याची हद्द बंद झाली. ज्या पुलावरून गावातली पोरं रोज पलीकडे कामाला जायची तिथे अडथळे उभे राहिले. घाटावरच्या गाड्या येईनाशा झाल्या, दुकानातल्या भाजीच्या टोपल्या रिकाम्या. तेव्हा हा गाव कशावर जगला ते मी पाहिलं. चैत्रातली फणसाची कुयरी, ओले काजूगर, शेवग्याच्या शेंगा, विहिरीच्या पाण्यावरची वाली आणि तांबडी भाजी, कुळथाची पिठी, खाडीतली मासळी, कालवं. मीठ शिरोड्याच्या मिठागरांचं, ज्या मिठागरांवर 1930 साली सत्याग्रह झाला होता. काकीचं वय झालेलं, तरी ती पहाटे उठून जुड्या बांधायची. बचत गटातल्या बायका त्या वाडीवाडीत पोचवायच्या. कुणी पैसे दिले, कुणी मासे दिले, कुणी दोन नारळ. माझ्या दारात जुडी रोज यायची. घरी जायची वाट बंद झालेली. त्या महिन्यांत मी गडहिंग्लजची नव्हते, आरोंद्याची होते.

त्याच वर्षी राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानाने 'माझी पोषण परसबाग' मोहीम काढली आणि गावोगावच्या बचत गटांतल्या बायका वाफे आखू लागल्या. मोहीम चांगली होती. आमच्या शाळेनेही पुढे परसबाग केली. पोषण आहारातल्या भातावर आता आमच्याच अळूचं फदफदं आणि आमचीच वाली असते. मुलं वाटीला वाटी लावून खातात. स्वतः पाणी घातलेली भाजी मूल ताटात टाकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते.

2020 च्याच जानेवारीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाल्याची बातमी मी काकीला वाचून दाखवली. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तिका आमच्या वालीचा बी व्हया काय, इचारशीत?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्यासारखंच दुसरं कुणी आहे हे कळल्याचा आनंद त्यावर होता.

काकी गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिच्या मुलाचं घर गोव्यात आहे. परसात रान माजलं. हे एकट्या तिच्या परसाचं नाही. माकडांचा उपद्रव एवढा वाढला आहे की राबून लावलेली काकडी संध्याकाळपर्यंत राहत नाही, आणि पुलापलीकडच्या नोकऱ्यांमुळे राखायला माणूस घरात नसतो. लोक आळशी झाले म्हणून परसं ओस पडली असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. राखणीची काही तोड गावाने मिळून काढावी लागेल, एकट्या घराला ते झेपणारं नाही. शिवाय पाकिटातलं संकरित बी आलं. त्याचं पीक जोमदार येतं हे खरं, पण त्या दोडक्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसाच दोडका येईल याची खात्री नाही. दर मृगाला पुन्हा दुकान. काकीच्या करवंटीतलं बी तसं नव्हतं. तिच्या सासूचं होतं आणि सासूच्या आधीचंही.

तिने जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या सगळ्या पुरचुंड्या माझ्याकडे आणून दिल्या होत्या. "तुज्याकडे रवांदेत," म्हणाली. मी त्या नुसत्या ठेवल्या नाहीत. दर वर्षी लावते, चिंधी बांधते, धुरात टांगते. चूल नाही म्हणून शेजारणीच्या चुलीवर टांगते. शाळेतून सातवी करून गेलेल्या कितीतरी मुलींच्या घरी आज ते बी आहे, आणि त्यांतल्या काही लग्न होऊन पेडण्याला गेल्या, त्यांच्या परसातही.

हे वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मंगळवारी सावंतवाडीच्या बाजारात किंवा शिरोड्याच्या आठवडा बाजारात गेलात तर आधी खाली गोणपाटावर बसलेल्या बाईकडे जा. तिच्याकडची जुडी लहान असेल, पानाला भोक असेल. घासाघीस न करता घ्या. आणि घराजवळ हात-दोन हात जरी माती असली तरी एक आळं करा. गावठी वालीचं, शिराळ्याचं, तांबड्या भाजीचं बी माझ्याकडे आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी मृगाच्या आधी आरोंद्याला येऊन मागून न्यावं. पैसे घेत नाही.