मनमाडची आत्या आणि तिचे मशीन

मे महिन्यात आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मनमाडला आत्याकडे गेलो. गावातून हडबीची शेंडी दिसते. पण आत्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. आतोबा गेल्यावर ज्या पायमशीनवर गणवेश शिवून तिने दोन मुली शिकवल्या, तेच अडले होते. कारागीर म्हणाला, "भंगारात द्या." जूनमध्ये शाळा उघडणार आणि कापड तसेच पडलेले!

आम्ही कारकून माणसे, तरी उघडून पाहिले. दातांखाली सुताचा थर, तेलाच्या भोकांत खोबरेल चिकटून बसलेले. ब्रशने सूत काढले. चूल विझवून भोकांत रॉकेलचे थेंब सोडले, चाक हाताने फिरवले, पुसले आणि मग मशीनचेच तेल घातले. सुई नवी लावली.

तरी खाली दोरा गुंतेच. आत्या दाबपाय खाली ठेवून दोरा ओवत होती. पाय उचलून ओवला, तेव्हा तो ताणाच्या चकत्यांत नीट बसला. टीप सरळ आली.

"खोबरेल डोक्याला रे बाबा, मशीनला नाही!" आत्या हसली.

भगिनींनो, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा दातांखाली पाहा.