कला : शस्त्र की साक्ष?

‘संस्कृती हे लढ्याचे शस्त्र आहे’ हे वाक्य उच्चारण्यास आपल्याच सदस्यांना काही वर्षे बंदी करावी, अशी सूचना १९८९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अंतर्गत चर्चासत्रासाठी लिहिलेल्या एका निबंधात करण्यात आली. निबंधकार होते ॲल्बी सॅक्स. ते वर्णाने गोरे आणि पेशाने वकील; परंतु वर्णभेदी राजवटीचा तुरुंगवास आणि हद्दपारीचे जिणे त्यांनी भोगलेले होते. ७ एप्रिल १९८८ रोजी मापुतो येथे त्या राजवटीच्या हस्तकांनी त्यांच्या मोटारीत पेरलेल्या बॉम्बने त्यांचा उजवा हात आणि एका डोळ्याची दृष्टी हिरावून घेतली होती. शस्त्राचा अर्थ ज्याच्या देहावर कोरला गेला, त्याने कलेला शस्त्र म्हणू नये असे सांगावे, ही घटना केवळ विरोधाभास म्हणून बाजूला सारता येत नाही.

वस्तुतः ती घोषणा पोकळ नव्हती. १९८२ मध्ये बोत्स्वानातील गॅबरोनी येथे ‘मेडू’ या कलासमूहाने भरविलेल्या संमेलनात कवी, चित्रकार, नट स्वतःला कलावंत न म्हणवता सांस्कृतिक कार्यकर्ते म्हणवीत होते. तीन वर्षांनी, १४ जून १९८५ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने त्याच शहरावर छापा घालून बारा जणांना ठार केले. त्यांत ‘मेडू’चे चित्रकार थामी म्न्येले होते. भित्तिचित्रांना कला मानावे की नाही, याचा काथ्याकूट समीक्षक करू शकतात. शासनाने मात्र ती पुरेशा गांभीर्याने घेतली होती.

सॅक्स यांचा आक्षेप या बलिदानावर नव्हता. भूमिका योग्य असली की कलाकृतीचे उणेपण खपून जाते, लेखणी अत्याचाराच्या वर्णनात कोंडली जाते आणि प्रेमासारख्या विषयाला जागाच उरत नाही, ही त्यांची खंत होती. बंदुकीला एकच दिशा असते. कलेचे बळ अंतर्विरोध उघडे करण्यात असते. हा केवळ एका गोऱ्या सुशिक्षिताचा सौंदर्यवाद होता असेही म्हणता येत नाही. न्जाबुलो न्देबेले या कृष्णवर्णीय कथाकाराने १९८४ मध्येच दडपशाहीच्या ठळक प्रदर्शनाऐवजी सामान्य माणसाच्या दैनंदिन जगण्याकडे वळण्याची निकड प्रतिपादन केली होती. ‘बांधिलकी’ या शब्दाभोवतीचे मराठीतील वाद ज्यांना परिचित आहेत, त्यांना हा पेच परका वाटू नये.

तथापि शस्त्र आणि सौंदर्य हे द्वंद्वच अपुरे आहे, याचा प्रत्यय एक नाटक देते. ॲथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून रचलेले ‘सिझवे बान्झी इज डेड’ १९७२ मध्ये रंगमंचावर आले. कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगावे लागणारे पासबुक आणि वस्तीतल्या फोटो स्टुडिओत हौसेने काढून घेतलेले छायाचित्र, या दोन प्रतिमांच्या ताणावर ते उभे आहे. पासबुकातला चेहरा शासनाचा. स्टुडिओतला चेहरा माणसाने स्वतःसाठी निवडलेला. शहरात टिकून राहण्यासाठी सिझवे एका मृताचे पासबुक घेतो आणि स्वतःचे नाव गमावतो. नाटकात घोषणा नाही, हशा मात्र भरपूर आहे. तरीही १९७६ मध्ये ट्रान्सकायमधील प्रयोगानंतर दोन्ही नटांना अटक झाली. माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क आहे, एवढे दाखवणेही त्या व्यवस्थेला असह्य होते.

१९९४ मध्ये सॅक्स नव्या संविधान न्यायालयाचे न्यायाधीश झाले. जोहान्सबर्गच्या ज्या जुन्या कारागृहात १९०८ साली गांधीजींनाही ठेवले होते, त्याच्या आवारात २००४ मध्ये न्यायालयाची इमारत खुली झाली. सजावटीसाठी मिळालेल्या दहा हजार रँडांपासून सॅक्स आणि न्यायमूर्ती यव्होन मोक्गोरो यांनी तेथील कलासंग्रहाची सुरुवात केली होती. त्यात चित्रकर्त्री ज्युडिथ मेसन यांनी प्लॅस्टिकच्या निळ्या पिशव्यांचा शिवलेला एक पोशाख आहे. फिला न्द्वान्द्वे या लढवय्या तरुणीला पोलिसांनी नग्नावस्थेत डांबून ठार केले. प्लॅस्टिकच्या निळ्या पिशवीने तिने आपली लाज राखली होती. सत्य आणि समेट आयोगापुढे उघड झालेल्या या हकीकतीतून तो पोशाख निर्माण झाला. तो कोणावर उगारता येत नाही. पण त्याच्यासमोर उभे राहून ती हत्या विसरताही येत नाही. न्यायालयात साक्षीचे जे स्थान, तेच येथे कलाकृतीला लाभले आहे.

अर्थात साक्ष एकदा नोंदवून संपत नाही. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे संपावरील चौतीस खाणकामगार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा सत्तेवर लढ्याचाच पक्ष होता. रेहाद देसाई यांच्या ‘मायनर्स शॉट डाउन’ या २०१४ च्या अनुबोधपटाने त्या दिवसाचा क्रम पडद्यावर मांडला. शस्त्र म्हणूनच ओळखली जाणारी कला विजयानंतर विजेत्याच्या दिवाणखान्यात शोभेला टांगली जाण्याचा संभव असतो. सॅक्स यांच्या सूचनेचे मोल १९८९ पेक्षा आज अधिक जाणवते ते यामुळेच. लोकशाहीत ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची, ते नेहमीच परके असतील असे नाही.