जॅक, जॉन आणि बंड्या

तर झालं असं, की मागच्या महिन्यात मी एका माणसाची तक्रार त्याच माणसाकडे केली.

आमचा क्लायंट इंग्लंडमधला. रिलीजला तिथल्या मॅनेजरचं अ‍ॅप्रूव्हल लागतं. सिस्टिममध्ये त्याचं नाव जॉन. दोन दिवस वाट पाहिली आणि मग ठेवणीतलं कडक इंग्रजी काढून मेल टाकली, की जॉनकडून अजून उत्तर नाही, काम अडलंय. सीसीमध्ये अर्धं जग. पाच मिनिटांत रिप्लाय आला: "जॅकने सोमवारीच अ‍ॅप्रूव्ह केलंय. जॅक मीच. जॉनही मीच." सोमवारची ती मेल माझ्याकडे आली होती हो! 'हा कोण जॅक?' म्हणून मीच बाजूला ठेवली होती.

आता मला सांगा, टोपणनाव म्हणजे नाव छोटं करणं ना? रोमन लिपीत जॉन चार अक्षरं, जॅकही चारच. वाचलं काय? शनिवारी हाच भुंगा डोक्यात घेऊन बसलो.

तर मंडळी, बहुतेक अभ्यासकांच्या मते याचं मूळ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आहे. जॉनचं एक रूप होतं जॅन. त्याला लाडाचा 'किन' प्रत्यय लागून झाला जॅनकिन. बोलताना त्यातला 'न' पडला, जॅकिन झाला, आणि शेपूट गळून उरला जॅक. फ्रेंच 'झाक'शी त्याचा संबंध असावा असंही काहीजण म्हणतात, पण ते नाव जेम्सच्या घराण्यातलं. म्हणजे जॅक हा जॉनचा शॉर्टफॉर्म नाहीच, तो जॉनचा 'बाळ्या' आहे!

आणि जॉन इतके सर्रास होते, की जॅक म्हणजे कुणीही साधा माणूस, घरातला पोऱ्या, नोकर. मग नोकराचं काम करणारी अवजारंही जॅक झाली. बूट ओढून काढायचं ते बूटजॅक, मांस भाजताना सळई फिरवायचं यंत्रही जॅक, आणि गाडी उचलतो तो तर आपल्या ओळखीचाच. आम्ही रोज नेटवर्कची वायर खुपसतो त्या आरजे-४५ मधला 'जे' म्हणजेसुद्धा जॅकच. आपण मराठीत तर पुढे जाऊन त्याला वशिलाच करून टाकलं. 'जॅक लावला' म्हटलं की समजायचं ते समजतं. (फणसाच्या इंग्रजी नावातला जॅक मात्र या घरातला नाही. तो मल्याळममधल्या 'चक्क'वरून पोर्तुगीजांमार्फत गेला. आणि जॅकल म्हणजे कोल्हा हा तर आपल्या 'शृगाल'चा वंशज!)

पत्त्यांची गंमत तर खासच. गुलामाला इंग्रजीत आधी 'नेव्ह' म्हणत, म्हणजे पोऱ्याच. त्याला जॅक म्हणणं गावंढळ समजलं जाई. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६१) मध्ये एस्टेला पिपला नेमकं यावरूनच हिणवते. पुढे पत्त्याच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागल्यावर नेव्हचं 'केएन' आणि किंगचं 'के' यांत गोंधळ व्हायला लागला. गावंढळ 'जे' कामी आला. पाहा, यूझर इंटरफेसच्या अडचणीने गुलामाला प्रमोशन मिळालं.

पण खरं प्रमोशन पुढेच. इंग्लंड-वेल्समध्ये १९२४, १९३४, १९४४ या तिन्ही वर्षी मुलांच्या नावांत जॉन पहिला होता. मग तो घसरला. आणि १९९५ ते २००८, सलग चौदा वर्षं, पहिला नंबर कुणाचा? जॅकचा! टोपणनाव म्हणून नाही, थेट जन्मदाखल्यावर. २००९ मध्ये ऑलिव्हरने त्याला खाली खेचलं. पोऱ्याचं नाव लोकांनी कौतुकाने बाळाला ठेवलं, कारण त्यातला ऐटबाज पोशाखी भाग गेला होता आणि जवळीक तेवढी उरली होती. असं आपलं मला वाटतं.

पुढच्या कॉलवर मी माफी मागितली तेव्हा जॅक हसला. म्हणाला, "तुला घरी काय म्हणतात?" मी म्हटलं, "काही नाही. ओंकारच."

खोटं बोललो. घरी मी बंड्या. म्हणजे होतो. तीन वर्षांपूर्वी टीममधले मित्र घरी आले होते. आजीने सगळ्यांसमोर "बंड्या, पोह्यांवर खोबरं घे रे" म्हटलं आणि पुढचे दोन आठवडे ऑफिसात माझा बंड्या झाला. मी फोन करून आजीवर डाफरलो, "लोकांसमोर असलं काय म्हणतेस गं?" ती फक्त "बरं" म्हणाली. तेव्हापासून मी तिचा 'ओंकार'. एकटं असतानासुद्धा. सुरुवातीला मला ते बरंच वाटलं. हळूहळू लक्षात आलं, की जगात त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं आणि मीच त्याचा अ‍ॅक्सेस काढून घेतला होता.

रविवारी कराडला फोन लावला. म्हटलं, "आजी, बंड्या बोलतोय."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"कोण बंड्या? तो मोठा साहेब झाला म्हणे."

"नाही गं, आहे अजून."

"असू दे. जेवलास का बंड्या?"

असो. जॅकला मेल टाकायची आहे. या वेळी सीसीमध्ये कोणी नाही.