दयेचा जमाखर्च

लिस्बनचं साओ रोक संग्रहालय. शेजारचं चर्च मुळात जेझुइटांचं. 1759 साली त्यांना देशाबाहेर काढलं आणि 1768 मध्ये वास्तू ‘मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय बंधुसंघाला मिळाली. संघाची स्वतःची जागा 1755 च्या भूकंपाने नेली होती.

*

बंधुसंघाची स्थापना ऑगस्ट 1498. करणारी राणी लियोनोर, विधवा. भाऊ राजा मानुएल परदेशी, म्हणून कारभार तिच्या हाती. मे महिन्यातच वास्को द गामा कालिकतला उतरला होता. लिस्बनला तेव्हा याचा पत्ताही नव्हता.

*

मिझेरिकॉर्दिया म्हणजे दया. संघाने अंगावर घेतलेली दयेची कामं चौदा, सात देहाची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. दुसऱ्याचे दोष निमूट सोसणं हेही त्यातच. माझ्या मते सगळ्यांत अवघड हेच.

*

टाकून दिलेली मुलंही संस्था सांभाळायची. त्यासाठी भिंतीत फिरता लाकडी कप्पा असे. बाहेरून मूल ठेवायचं, कप्पा फिरवायचा, निघून जायचं. आतल्याला चेहरा दिसत नसे. सोबत खूण ठेवत: फितीचा तुकडा, कापलेलं चित्र, चिठ्ठी. उरलेला अर्धा भाग घरच्यांकडे. दिवस पालटले तर तुकडे जुळवून मूल परत न्यायचं. चिठ्ठीत कुणी बाप्तिस्म्याचं नावही सुचवलेलं. टाकणाऱ्याने नाव का सुचवावं? अशा हजारो खुणा संस्थेने दप्तरात जपल्या आहेत. मला इथलं खरं धन हेच वाटतं.

*

लोक मात्र येतात चर्चमधलं योहान बाप्तिस्त्याचं चॅपल पाहायला. राजा जुआंव पाचवा याने ते रोममध्ये बांधून घेतलं; पोपने तिथेच पावन केलं; मग सुटं करून 1747 मध्ये जहाजांनी इथे आणलं. लाजवर्द, अकीक, आणि चित्रं वाटावीत असे मोझेइक. डोळे दिपतात, एवढंच.

*

गामामागून पोर्तुगीज आले, तशा गोवा, चौल, वसई इथेही अशाच मिझेरिकॉर्दिया झाल्या. पूर्वेत मेलेल्या पोर्तुगिजाचा पैसा मायदेशातल्या वारसांपर्यंत पोचवणं हे त्यांचं एक मोठं काम. मृत्युपत्रात संस्थेचाही वाटा असे, हे ओघानेच आलं.

*

1783 साली राणी मारिया पहिली हिने लिस्बनच्या संस्थेला लॉटरीची परवानगी दिली. नफ्याचे वाटेकरी तीन: इस्पितळ, टाकलेली मुलं आणि विज्ञान अकादमी. आज लॉटरीबरोबर फुटबॉलचे निकाल ओळखायचा तोतोबोला आणि खरवडायची तिकिटंही याच संस्थेची. ती घेणाऱ्यांत गरीबही असतातच. चौदा कामांच्या यादीत हे कुठे बसवायचं?